बर्फ वितळेपर्यंत

३ डिसेंबर
पोचले एकदाची नव्या नोकरीवर! शेवटच्या वळणावर गाडी बर्फात रुतली. ड्रायव्हरकाकांनी आणि मी ढकलत वर आणली. संशोधन केंद्र म्हणजे चार खोल्या, एक प्रयोगशाळा आणि तळघरात शीतखोली. राहणारे दोघंच, सर आणि त्यांची थोरली बहीण. त्यांना मीही ताईच म्हणायचं ठरलं. त्यांनी लगेच पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. दादाला फोन केला, तर म्हणतो, किड्यांची आया झालीस की!

५ डिसेंबर
सरांनी आज अळ्या दाखवल्या. शीतखोलीतली एक बशीत टाकली, तर खडा पडावा तशी टणकन वाजली. मी म्हटलं, मेली. सर हसले. म्हणाले, बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर. थंडीआधीच अळी अंगात एक गोडसर द्रव साठवते, तो पेशींना सांभाळतो. दिव्याखाली ती हळूहळू मऊ पडली आणि चक्क चालू लागली! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

९ डिसेंबर
रस्ता बंद, फोनही बंद. माझ्या आधी इथे काम करणाऱ्या मुलीबद्दल विचारलं, तर सर म्हणाले, तिला इथली हवा मानवली नाही. ताई काहीतरी सांगायला बघतात, पण सर आले की गप्प. चहा मात्र भलताच गोड. बिनसाखरेचा मागितला तरी तसाच.

१४ डिसेंबर
शीतखोलीतला पत्र्याचा ट्रे चुकून उघड्या हातांनी उचलला. चटका बसला नाही. काहीच वाटलं नाही. सरांनी खूश होऊन पाठ थोपटली. भांडी घासताना ताई पुटपुटल्या, "चहा ओतून टाकत जा, बाळ."

१६ डिसेंबर
ओतताना सरांनी पाहिलं. आता समोर बसून पाजतात. खोलीला बाहेरून कडी. खिडकी बर्फाने बुजलीय — हाका मारून घसा बसला.

१७ डिसेंबर
ती आधीची मुलगी इथेच आहे, शीतखोलीत. मागच्या फळीवर, पापण्यांवर बर्फ. सरांनी कौतुकाने दाखवली. म्हणाले, वसंतात उठेल, ताई नाही का उठली? ताईंनी मान वर केली नाही.

बहुधा १८
चहात झोपेचं काही होतं. जाग आली ती शीतखोलीत. वही स्वेटरच्या आत राहिली. दाराची किल्ली सरांकडे — ताई पलीकडून दार ओढताहेत, रडताहेत. म्हणाल्या, "झोप लागेल असं समजू नकोस गं. मला लागली नव्हती. सगळं ऐकू येत होतं."

म्हणजे फळीवरच्या मुलीलाही —

तिच्या कानाशी बसलेय. सांगितलं, मी आहे. दादाबद्दल सांगितलं, गाडी कशी ढकलली ते — बोलत राहायचं. तिला एकटं —

जीभ जड झालीय. थंडी वाजत नाही. वाजायला हवी —

ताई हाका मारताहेत. ओ द्यायचीय, पण ओठ