तुम्ही मला मागं बसवलं ती सकाळ

बाबा, त्या सकाळी तुम्ही मला मागं का बसवलं, हे तुम्ही होतात तोवर विचारायचं राहून गेलं. तुमच्या काळी-पिवळी जीपमधून तळेगावला शाळेत जाताना माझी जागा ठरलेली असायची: तुमच्या शेजारी, गिअरच्या दांड्याला गुडघा घासेल अशी. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आज मांगं बस. समोर ऊन लागते." आभाळ तर पहाटेपासून भरलेलं होतं. मी मागं जाऊन बसले, माझ्या जागेवर दुसरा कुणी उतारू बसला.

घाटाच्या उतारावर तुमचा पाय पत्र्यावर आपटल्याचा आवाज येतो. एकदा, मग पुन्हा. गाडी हळू होत नाही. तुम्ही मान न वळवता, भाड्याचे पैसे मागावेत तशा आवाजात म्हणता, "मंडळी, दांडे धरून घ्या. ब्रेक लागत नाई. गाडी वावरात घालतो." एकेक गिअर खाली येतो, इंजिन कण्हतं, आणि आपण रस्ता सोडून कुणाच्या तरी तुरीत शिरतो. चिखलात चाकं रुतून गाडी थांबते तेव्हा कुणी ओरडलेलंसुद्धा नसतं. एका म्हातारीचं मनगट मोडलं, एवढंच. तुम्ही खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिचा हात बांधलात, आणि मग माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मी तेव्हा लहान होते, पण ते मला दिसलं.

गावानं तुम्हाला शाल-नारळ दिला. असा थंड डोक्याचा ड्रायव्हर पाहिला नाही, असं जो तो म्हणत होता. मला मात्र वाटायचं, हा शांतपणा नाही, ही तयारी आहे. ब्रेक ढिला आहे हे तुम्हाला घरूनच ठाऊक होतं. म्हणून मी मागं. आणि मग तुमच्या शेजारी माझ्या जागेवर जो बसला होता, त्याचं काय? त्यानंतर तुम्ही कशातही शांत राहिलात, आजारपणातही, की माझ्या मनात तेच यायचं: यांना हे आधीच कळलेलं असणार.

तुम्ही गेल्यावर एकदा आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यायले माहीत असतं तं तुले गाडीत तरी बसवलं असतं का?" मी म्हटलं, घरी ठेवलं असतं तर तू कारण विचारलं असतंस. तिनं वर पाहिलं. "काऊन खोदून राह्यली तू? माणूस गेला आता." आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात पेशंटचं डायलिसिस करते, हे तुम्हाला माहीत नाही. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांचं रक्त मशीनमध्ये असताना लाइट गेली. जनरेटर सुरू होईना, मशीनची बॅटरीही उतरलेली. अशा वेळी पंप हातानं फिरवून नळ्यांमधलं रक्त परत अंगात सोडावं लागतं. थांबलं तर ते गोठतं. मी दांडी फिरवत राहिले आणि त्यांना विचारत राहिले, सोयाबीन किती झालं, नातू कितवीत आहे. रक्त परत गेलं. ते बरे आहेत.

बाहेर, दाराच्या काचेपाशी त्यांचा मुलगा उभा होता. आभार मानायला आला असं वाटलं. पण तो म्हणाला, "मॅडम, तुमी लय शांत होत्या. तुमाले अगोदरच माहीत होतं का?"

जनरेटर सकाळपासून कुरकुरत होता. मी वरच्या साहेबांना सांगितलंही होतं. मेकॅनिक संध्याकाळी येतो म्हणाले. पण त्या गृहस्थांना धाप लागली होती, त्यांची डायलिसिसची आधीची पाळी चुकलेली, परत कसं पाठवणार? म्हणून मशीनला लावलं. बॅटरी मात्र मी तपासली नव्हती.

"नाही," मी म्हणाले. त्याच्या डोळ्यांत बघून, अगदी सहज. त्याला पटलं, निदान तसं दिसलं.

बाबा, त्या दिवशी तुम्ही मला थोडे कळलात असं वाटायला हवं होतं. पण ते "नाही" मला इतकं सोपं गेलं, की तुमच्यावरचा संशय उलट वाढला आहे.

आई आत्ता दारात येऊन विचारून गेली, "काय लिहून राह्यली?" ड्युटीचं, म्हटलं मी. तेही तितकंच सहज.