विसळलेल्या बाटल्या

मंगळवार, १४ मार्च. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. प्रयोगशाळेतल्या उबेच्या पेटीचा पारा पाहिला, सदतीस अंश, वहीत लिहिला आणि मग हा कागद काढला.

प्रिय ताई,

तू आणि भाचेबुवा ढब्बू आत्याकडे सुखरूप असाल असं धरून चालतो. आत्याला नमस्कार, आणि तिच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण त्या घरात चालतं ते त्यांचंच.

माझी तब्येत बरी आहे. शुद्धलेखनही बरं आहे. नववीत शाळा सुटली, पण चुकलेला शब्द दहादा लिहायची तुझी शिक्षा काही सुटली नाही. अजून शंका आली की हात आपोआप कानाकडे जातो. परवा 'जिवाणू' लिहिताना अडलो. जीव दीर्घ, मग जिवाणू ऱ्हस्व का? आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पुढे अणू लागला की जीव लहान होतो." तुला हे सांगायचं म्हणून जपून ठेवलं होतं.

मी दिवसभर करतो काय, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही नीट सांगितलं नाही. सकाळी गाडीतून बारा नळांवर जायचं. स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड भाजायचं, दोन मिनिटं पाणी सोडायचं, मग बाटली भरायची. चार तासांनी परत. इथे ते पाणी जांभळट रसाच्या नळ्यांत घालतात. प्रत्येक नळीत करंगळीच्या पेराएवढी एक छोटी नळी पालथी घातलेली असते. दोन दिवस उबेत ठेवलं की, घाणीतले जंतू असतील तर ते रस खातात, रस पिवळा पडतो आणि त्यांनी सोडलेला वायू पालथ्या नळीत बुडबुडा होऊन अडकतो. बाई म्हणतात, जंतू दिसत नाहीत, त्यांचे उद्योग दिसतात. मी तर सकाळी आल्याबरोबर, डबा खाली ठेवायच्या आधी बुडबुडे शोधतो.

सहा महिन्यांत माझ्या बाटल्यांतून बुडबुडा जवळजवळ आलाच नाही. मला वाटायचं, आपलं शहर भाग्यवान.

ताई, तू ओळखलं असशील की मी रस्ता लांबवतोय.

ढब्बू तिसऱ्यांदा पोट बिघडून आजारी पडला तेव्हा तुझ्या सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. तू भांडी पुसत होतीस. दाजी भिंतीवरचं कॅलेंडर असं वाचत होते की जणू त्यात गोष्ट आहे. सासूबाईंनी विचारलं, तू पाणी तपासतोस ना, मग सांग, नळात दोष आहे का? मी खिशातून वही काढली. सात आठवड्यांचे निकाल तारखेसकट वाचून दाखवले. "पाणी स्वच्छ आहे," म्हणालो. "नळाचा दोष नाही." त्या म्हणाल्या, "मग हाताचाच." कोणाच्या ते बोलल्या नाहीत. सगळ्यांनी तुझ्याच हातांकडे पाहिलं. मीसुद्धा पाहिलं. वर शहाणपणा शिकवला, की पाण्याचं पिंप जुनं आहे, त्याच्या कडेला घाण धरत असेल, टाकून दे. तू टाकलंस. पंधरा दिवसांनी ढब्बूला घेऊन आत्याकडे निघून गेलीस आणि माझ्या फोनला उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस.

आता मागच्या सोमवारचं सांगतो. तुमच्या अंगणातला नळ माझ्या बारा नळांतलाच. नेहमीसारखी एक बाटली भरली. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. मनात काय आलं कोणास ठाऊक, आपल्या समाधानासाठी म्हणून दुसरी बाटली घेतली. तेवढ्यात नळाची धार बारीक व्हायला लागली. बाटली कशीबशी भरली आणि पाणी गेलं.

बुधवारी पेटी उघडली. पहिल्या बाटलीच्या नळ्या जांभळ्या. दुसरीच्या पिवळ्या, प्रत्येकीत बुडबुडा. एकच नळ, दोन मिनिटांचं अंतर. मला भीती वाटायच्या आधी गंमत वाटली, हे खरं सांगतो. मी बाईंना हाक मारली.

बाईंनी दोन्हीकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "ह्या दुसरीत वेगळं काय केलंस?"

"काही नाही बाई. पाणी जात होतं, म्हणून विसळायची राहिली."

"विसळायची?"

"बाटली. मी तीनदा विसळून घेतो. तळाशी पांढरा डाग असतो ना, धुणाऱ्याकडून साबण राहतो."

बाई स्टुलावर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "अरे, तो साबण नाही. ते औषध आहे. मुद्दाम घातलेलं."

ताई, गोष्ट अशी आहे. पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतो. बाटलीत भरल्यावरही तो आपलं काम करतच राहतो. म्हणून बाटलीच्या तळाशी त्याला थोपवणारं औषध वाळवून ठेवतात, म्हणजे नळातून पाणी निघालं त्या क्षणी जसं होतं तसंच राहतं. ते मी रोज धुऊन टाकत होतो. मग गाडीत चार तास क्लोरीन निवांतपणे जंतू मारायचा आणि प्रयोगशाळेत पोचायचं ते स्वच्छ पाणी. बाई म्हणाल्या, "सहा महिने तू सगळ्या गावाला पास करत होतास." माझ्या आधीचे म्हातारे मदतनीस बाटली न विसळता भरायचे. मी त्यांना मनातल्या मनात गबाळे म्हणायचो.

मग माझ्या डोक्यात दुसरंच फिरायला लागलं. सगळे तेच पाणी पितात, मग आजारी ढब्बू एकटाच का? दोन दिवस विचार केला. तुम्ही सगळे पिंपातलं पिता. सकाळी भरलेलं पाणी दुपारपर्यंत पिंपात उभं असतं, म्हणजे क्लोरीनला तिथे तेवढा वेळ मिळतो, माझ्या बाटलीत मिळायचा तसाच. ढब्बू मात्र अंगणातल्या नळाला तोंड लावतो. तू त्याला त्यावरून किती ओरडायचीस! बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हेच असणार. म्हणजे घरातली सगळ्यांत भरवशाची वस्तू ते पिंप होतं, आणि मी तुला तेच टाकायला लावलं.

शुक्रवारी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी खणलं. सांडपाण्याच्या फुटक्या नळाशेजारीच पिण्याच्या पाण्याचा नळ, सांधा कुजलेला. खड्डा बघायला बायका जमल्या आणि बोलता बोलता निघालं की गल्लीत आणखी सहा मुलं आजारी होती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक घरात एकेका बाईच्या हाताला नाव ठेवून झालं होतं. मी खड्ड्याच्या कडेला उभा होतो. सगळ्यांच्या घरात ऐकवलेला पुरावा एकच होता, पाण्याचा निकाल स्वच्छ आहे.

आमचा ड्रायव्हर म्हणाला, बाटल्याच खराब निघाल्या म्हणून सांग, तुला कोण विचारतंय. बाईंनी तसं सुचवलं नाही, पण अहवालातली कारणाची ओळ कोरी ठेवून कागद माझ्यासमोर सरकवला. मी लिहिलं, 'मदतनिसाने बाटल्या विसळल्या.' विसळल्या, ळ आणि ल दोन्ही जागेवर. नोकरी राहील की नाही ते सोमवारी कळेल. बाकीच्या अकरा नळांचं पाणी पुन्हा नव्याने घेतोय. आज पहाटे त्यातल्या एका नळीत बुडबुडा दिसला. निदान तो खरा आहे.

तुझ्या सासूबाईंना मात्र अजून सांगितलेलं नाही. खड्डा त्यांनी पाहिला, पण त्या म्हणतात, नळ आत्ता फुटला असेल, तेव्हा तर निकाल चांगला होता. तो निकालच खोटा होता, आणि तो माझ्यामुळे, हे त्यांना मीच सांगायला हवं. दोनदा फाटकापर्यंत गेलो. एकदा कडी काढून पुन्हा लावली. कडी लावताना आवाज होऊ नये म्हणून जपलो, ह्याची जास्त लाज वाटते.

येत्या रविवारी सकाळी दहाला जाणार आहे. दाजींनाही थांबायला सांगितलंय. कॅलेंडर काढून ठेवा म्हटलं. तू ये असं म्हणत नाही. ढब्बूला सांग, सांधा बदलला तरी नळाला तोंड लावायचं नाही. पेल्याने प्यायचं, उकळून गार केलेलं.

तू खर्चाची चिठ्ठी कधी ठेवत नाहीस, म्हणून मीच आठवून मांडतो. चुकलं तर दहादा लिहून घे.

डॉक्टर, तीन वेळा: ४५०
औषधं: ३१०
नवीन पिंप: ६८०
आत्याकडे जाण्याचं भाडं: १६०
एकूण माझ्याकडून येणं: १६००
सोबत पाठवलेले: ७००
बाकी: ९००, आणि सासूबाईंच्या स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर बोलायचं एक वाक्य. ते पोस्टाने पाठवता येत नाही.

तुझा कान धरून उभा असलेला,
भाऊ