आत विचारून सांगते

३ मार्च, सोमवार

सूप तिसऱ्यांदा परत! पहिल्यांदा गार म्हणून. दुसऱ्यांदा तोंड भाजलं म्हणून. तिसऱ्यांदा बाईंना आठवलं की आपल्याला टोमॅटो आवडतच नाही. मग टोमॅटोचं सूप मागवलंत कशाला, हे विचारायची सोय नाही. हसायचं. हसले. अकरा वर्षं ताटल्या वाहतेय — हातांना सवय झाली, तोंडाला अजून नाही.

आत वाडगा नेऊन ठेवला तर आचारीकाका म्हणाले, "आता काय, फुंकर घालून भरवू?"

५ मार्च

एका गृहस्थांना दूध चालत नाही. "एक थेंबसुद्धा नाही, जीव जाईल माझा!" काकांनी भर गर्दीत वेगळं पातेलं काढलं, वेगळा झारा, वेगळी सुरी. मागच्या चार ऑर्डरी खोळंबल्या. त्या चार टेबलांची बोलणी मी खाल्ली. आणि शेवटी बघते तर हा बहाद्दर बायकोच्या कपातलं आईस्क्रीम चाटूनपुसून खातोय! मी बघतेय हे कळल्यावर म्हणतो, "थोडंसं चालतं."

काकांना सांगितलं. झारा आपटला त्यांनी. "ह्यांचा जीव ह्यांच्या जिभेला विचारून जातो-येतो."

दोघंही पोट धरून हसलो. बऱ्याच दिवसांनी.

६ मार्च

पाय सुजलेत. बाकी काही नाही.

९ मार्च, रविवार

इंटरनेटवर माझी कीर्ती पसरली आहे. "चष्मेवाली बाई एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून वाढते." एक तारा. हा तोच — खिडकीजवळ बसायचं म्हणून जेवत्या माणसांना उठवायला सांगत होता. मी नाही म्हटलं, एवढाच माझा गुन्हा.

मॅनेजरसरांनी त्याला फोन लावून माझ्या हातात दिला. मी "चुकलं साहेब, माफ करा" म्हणतेय आणि सर समोर उभे राहून दोन बोटांनी स्वतःचे ओठ ताणून दाखवतायत — हसून बोल! फोनवर हसू ऐकू येतं म्हणे.

घरी धाकटीला सांगितलं. वाटलं, सख्खी बहीण, माझ्या बाजूनं चार शिव्या तरी देईल. तर म्हणते, "ताई, राग मानू नकोस, पण घरीसुद्धा तू तसंच वाढतेस."

जेवलेच नाही.

१२ मार्च

आजचं लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

दुपारी एकचा सुमार, एकही खुर्ची रिकामी नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर एक आई आणि तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी. पुढचे दोन दात पडलेली, मेनूकार्ड मोठ्यानं वाचत होती. आई हळूच म्हणाली, "हिला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत. नूडल्समध्ये नाहीत ना?" मी म्हटलं, नाहीत. ऑर्डर लिहून झाली तर पुन्हा — "सॉसमध्येही नसतील ना?" नाहीत. मी वळले, तर मागून परत — "सॉरी हं, पण एकदा आत विचाराल का?"

शेजारच्या टेबलावरचा चमच्यानं ग्लास वाजवत होता. मला दिसत होता तो परवाचा आईस्क्रीमवाला. आली आणखी एक नखरेल, म्हटलं मनात. तोंडानं म्हटलं, "हो हो, आत विचारून सांगते."

आत गेले. ऑर्डर लावली. विचारलं नाही. बाहेर येऊन सांगितलं, "विचारलं. नाहीत."

काकांनी सोमवारपासून सॉस घट्ट व्हायला त्यात शेंगदाणे वाटून घालायला सुरुवात केली होती. मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर दोन सेकंदांत कळलं असतं.

चौथ्या घासाला पोरीनं गळा धरला. ओठ बघता बघता सुजले. आईनं पर्समधून ॲलर्जीचं इंजेक्शन काढून तिच्या मांडीत खुपसलं — मी नुसती बघत राहिले, मग कशीबशी फोनाकडे पळाले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पोरीचे पाय माझ्या मांडीवर. केवढेसे बूट! काका धावत बाहेर आले, "मला कुणी सांगितलंच नाही!" म्हणत राहिले. ती आई त्यांच्यावर ओरडली, "माणूस आहात की कसाई? ह्यांनी विचारलं होतं तुम्हाला!"

ह्यांनी म्हणजे मी.

१३ मार्च

पोरगी वाचली. एक दिवस दवाखान्यात ठेवून घरी सोडणार आहेत. ऐकल्यावर भांडी घासायच्या जागी जाऊन रडले.

मग सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. "तू आत विचारलं होतंस ना?" प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच होतं.

मी मान हलवली. वर-खाली.

१४ मार्च

काकांना काढलं. सव्वीस वर्षं त्या शेगडीपुढे उभे होते. सुऱ्या फडक्यात गुंडाळून घेतल्या, माझ्याजवळ थांबले. मला वाटलं आता बोलतील. वाट बघत होते बोलण्याची. म्हणाले, "पाय मिठाच्या पाण्यात बुडव जरा." आणि गेले.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१७ मार्च

ती आई आली. फुलं घेऊन, माझ्यासाठी! सगळ्यांसमोर माझे हात धरले. "तुम्ही होतात म्हणून." इंटरनेटवरही लिहिलंय — पाच तारे, सगळं कौतुक चष्मेवाल्या ताईंचं. सरांनी छापून गल्ल्याशेजारी चिकटवलं. जाताना मला फोन नंबर देऊन गेली, कधी काही लागलं तर सांगा म्हणून.

फुलं घरी आणली नाहीत.

२० मार्च, गुरुवार

सकाळी सरांना सांगितलं. एका दमात. काकांना विचारलंच नव्हतं मी. खोटं बोलले.

सर कागद चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे मला. त्यानं त्याच दिवशी सांगितलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मग काढलंत का त्यांना?"

"कुणाला तरी काढायलाच हवं होतं. त्या बाई पोलिसांत जाणार होत्या. आणि तुझ्यावर त्या खूश आहेत." मग जरा नरमाईनं, "हे बघ, तुझ्याबद्दल पहिल्यांदाच कुणी चांगलं लिहिलंय. आता ते घालवू नकोस. जा, टेबलं पूस."

पुसली. सगळी पुसली! आणि मग एप्रन सोडून त्यांच्या केबिनच्या दाराला अडकवला.

२१ मार्च

त्या आईला फोन केला. सगळं सांगितलं. आता पोलीस, आता शिव्या, येऊ दे काय येईल ते, म्हणून कान लावून उभी होते.

म्हणाली, "त्या आचाऱ्यांचा नंबर द्या. मला त्यांची माफी मागायची आहे."

दिला. एकेक आकडा तिनं परत म्हणून घेतला, बरोबर आहे ना ते विचारून. मग फोन ठेवून दिला.