ओला, सुका आणि राष्ट्रीय प्रश्न

४ नोव्हेंबर
संकल्प : रोज लिहायचं. खरं तेच लिहायचं. ही वही कुणाला दाखवायची नाही, बायकोला तर नाहीच.

काल 'नगरसेवक आपल्या भेटीला' कार्यक्रम झाला. विषय : देशापुढची आव्हानं आणि आपला वॉर्ड. खुर्च्या दोनशे मांडल्या होत्या. माणसं तीन. एक हॉलचा वॉचमन, एक माझा मेहुणा, आणि एक गृहस्थ शेजारच्या हॉलमधलं लग्न समजून आलेले. ते मात्र शेवटपर्यंत बसले. जेवण कधी आहे, एवढंच मध्ये एकदा विचारलं.

लोकांना ऐकायचंय, फक्त वेळ नाही. चूक हॉलची. घरी हे समजावून सांगत होतो, तर ही म्हणाली, आधी चौथ्या गल्लीतलं गटार बघा, आठ दिवस तुंबलंय. म्हणजे विरोधी पक्ष घरातच पोसलाय.

५ नोव्हेंबर, सकाळ
गॅलरीत दात घासत होतो. कचऱ्याची घंटागाडी आली, ते तिचं टिणटिण गाणं वाजवत. आणि बघता बघता अख्खी गल्ली रस्त्यावर. गाऊनमधल्या बायका, अर्ध्या चेहऱ्याला फेस लावलेले पुरुष, झोपेत चालणारी पोरं. पत्रिका नाही, फोन नाही, खुर्च्या तर नाहीतच. तरी सगळे हजर, आणि वेळेवर.

ब्रश तोंडातच राहिला. एवढी मोठी सभा रोज माझ्या नाकासमोर भरते आणि तिथं वक्ताच नाही.

८ नोव्हेंबर
रेकॉर्डिंग झालं. मेहुण्याच्या मोबाईलवर, आमच्या बाथरूममध्ये. तिथं आवाज भारदस्त येतो. सुरुवात अशी : "नमस्कार, मी तुमचा नगरसेवक बोलतोय." मग परकीय चलनसाठा, मग महागाईचा दर, मग अवकाश मोहीम, आणि शेवटी चौथ्या गल्लीतल्या गटाराकडे आंतरराष्ट्रीय परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर कसं पाहावं, ते. एकूण दोन मिनिटं.

घंटागाडीचा ड्रायव्हर कटकट्या माणूस. म्हणाला, साहेब, गाण्याने लोकांना कळतं गाडी आली, भाषणाने काय कळणार. मी म्हटलं, देश कळेल. त्याने डोकं खाजवलं. पटलं असावं.

१० नोव्हेंबर
यश. निर्भेळ यश. गाडी आली, माझा आवाज घुमला आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात कुणी बाहेरच आलं नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि सगळे आले. पळत आले. चलनसाठ्याला एकही माणूस हलला नाही, कारण गाडी मागून उघडेना. महागाईला माना हलल्या.

सगळ्यात शेवटी, अगदी 'जय हिंद'च्या आधी, समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पोचल्या. धाप लागली होती. त्या वयात इतका भावनावेग बरा नव्हे.

१९ नोव्हेंबर
आजींनी आज मला रस्त्यात थांबवलं. म्हणाल्या, तुमचं ते भाषण छान आहे, पण जरा लांबवा. लवकर संपतं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, आजींची तब्येत बरी आहे ना. कुणाचं चांगलं झालेलं या घरात बघवत नाही. एक जाणकार श्रोता शंभरांना भारी असतो. आजींसाठी आजच सीमाप्रश्न वाढवला. भाषण आता सहा मिनिटांचं झालं.

२ डिसेंबर
भाषण अकरा मिनिटांवर गेलंय. कारण आजी परत म्हणाल्या, अजून थोडं. ड्रायव्हरला सक्त ताकीद दिली आहे, भाषण संपल्याशिवाय गाडी हलवायची नाही. तो म्हणतो, साहेब, माझी फेरी पुरी होत नाही, दुपारपर्यंत अर्धा वॉर्डही उरकत नाही. मी म्हटलं, घाई कसली. देश इतकी वर्षं थांबलाच आहे.

यातून एक चमत्कार झालाय. सातव्या, आठव्या, थेट अकराव्या गल्लीतली माणसं पायी आमच्या गल्लीत येतात, कचऱ्याच्या बादल्या घेऊन. ऐकायला. एक गृहस्थ तर स्कूटरवर दोन पोती घेऊन आला. म्हटलं, इतक्या लांबून? तर तो म्हणाला, आमच्याकडे गाडी पोचतच नाही, काय करणार. आवाजच पोचत नाही असं त्याला म्हणायचं असावं. दुसऱ्या गाडीसाठी अर्ज करायला हवा.

गल्लीत जरा वास मारतो. विरोधकांचं काम.

९ डिसेंबर
विरोधक म्हणजे शिवणक्लासवाल्या बाई. माझ्याविरुद्ध उभ्या राहणार म्हणे. मेहुण्याने बातमी आणली की काल त्यांनी चौथ्या गल्लीत स्वतः लोखंडी सळई घालून चेंबरचं झाकण उचललं. लोक टॉर्च धरून उभे होते. मी पोट धरून हसलो. चलनसाठा म्हणजे काय ते विचारा त्यांना. फेफे उडेल.

हीसुद्धा टॉर्च धरून उभी होती, हे नंतर कळलं. याविषयी बोलायचं नाही असं ठरवलंय. सकाळपासून बोललोही नाही. तिच्या ते ध्यानात आलेलं दिसत नाही.

१२ डिसेंबर
अध्यक्षसाहेबांचा फोन. तिकिटाचा विचार चालू आहे, पण तुमचा जनसंपर्क कमी पडतो अशी तक्रार आहे, काही पुरावा असेल तर पाठवा. पायाखालची जमीन सरकली. तिकीट गेलं तर मी कोण? हार्डवेअरच्या दुकानात बसलेला एक माणूस. तिथंही सगळे नोकराशीच बोलतात.

मग डोकं चालवलं. आपल्या सभेत एक खोट आहे. लोकांच्या दोन्ही हातांत डबे असतात, टाळ्या वाजणार कशा? रविवारी खास गाडी काढायची. रिकामी, धुतलेली, फुलांच्या माळा लावलेली. फक्त भाषण. कचरा अजिबात घ्यायचा नाही. मेहुणा वरून शूटिंग करेल.

१५ डिसेंबर, रविवार
अक्षर वेडंवाकडं येतंय. आनंदाने.

"नमस्कार, मी तुमचा नगरसेवक बोलतोय" एवढं झालं आणि दारं धडाधड उघडली. शनिवारी गाडी बिघडलेली होती, त्यामुळे माणसं आतुर होती. ड्रायव्हरला मी सांगितलं होतं की थांबू नकोस, हळूहळू चालव. लोक गाडीमागे चालू लागले. गाडी थांबेना, तसे धावू लागले. मोठमोठी माणसं, शिकलेली माणसं, चपला हातात घेऊन माझ्या भाषणामागे धावत होती. थांबा, थांबा म्हणून ओरडत होती. कोपऱ्यावरचा दाताचा डॉक्टर तिसऱ्या गल्लीपर्यंत आला. मी पुढे बसून दोन्ही हात जोडत होतो. डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी शेवटी लोकांनी लांबूनच पिशव्या गाडीत टाकायला सुरुवात केली. एक माझ्या मांडीत पडली. ओला कचरा. प्रेमाला काय, तेवढी नजर नसते.

आजी काही दिसल्या नाहीत. चालती गाडी त्यांना कशी गाठता येणार. चुकलंच माझं.

१८ डिसेंबर
तिकीट मिळालं. अध्यक्षसाहेबांनी ते शूटिंग तीनदा पाहिलं म्हणे. मेहुण्याने आवाज काढून टाकून वर संगीत घातलं होतं. साहेब म्हणाले, तीस वर्षं राजकारणात आहे, माझ्या गाडीमागे असं कुणी धावलं नाही.

हिला पेढ्याचा बॉक्स दिला. तिने विचारलं, घंटागाडी उद्या कचरा घेणार आहे का. मी पेढा तोंडात टाकला. काही प्रश्नांची पातळी फार खाली असते.

६ जानेवारी
आचारसंहिता लागली. घंटागाडीवरून माझा आवाज काढावा लागला. ड्रायव्हरने तो इतक्या चपळाईने काढला की मला शंका आली. पुन्हा ते टिणटिण.

उद्या कुणी खाली उतरणार नाही. बघून घ्यावं त्याने.

७ जानेवारी
सगळे उतरले. हसत होते. मी लावलेली सवय आहे, इतक्यात मोडणार नाही.

आजी खाली आल्या तेव्हा गाडी कोपऱ्यावरून वळली होती. त्या बराच वेळ डबा घेऊन उभ्या होत्या. भाषण नाही म्हणून हिरमुसल्या असणार. मला भडभडून आलं.

१२ जानेवारी
घरोघर प्रचार सुरू. मी, मेहुणा, आणि पत्रकांचा गठ्ठा.

पहिल्या घराची बेल वाजवली. आतून आवाज आला, कोण. मी म्हटलं, "नमस्कार, मी तुमचा नगरसेवक बोलतोय." दार चार बोटं उघडलं. एक हात बाहेर आला. हातात हिरवा डबा. मी घेतला. लगेच दुसरा हात आला, निळा डबा. ओला आणि सुका, व्यवस्थित वेगळा केलेला. दार बंद.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, आता?

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी एका पोराने हाक मारली, आई, कचऱ्याचे काका आले. आईने आतूनच सांगितलं, थांबव त्यांना, फ्रिजमधलंही काढते. चौथ्या घरी मी मुद्दाम वेगळी सुरुवात केली, मतदार बंधुभगिनींनो वगैरे. त्या घरच्या बाईंनी दार उघडून माझ्याकडे नीट पाहिलं आणि ओळखलं नाही. मग सवयीने माझ्या तोंडून नमस्कार निघाला आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, हां हां, थांबा, आणते.

विचार केला तर ही फार मोठी गोष्ट आहे. माणूस घरातलं खासगीतलं खासगी काय ते आपल्या हाती सोपवतो. पत्रकं संपली नाहीत. मेहुण्याचे हात भरलेले होते.

१५ जानेवारी
मेहुण्याने काखा वर केल्या. पाठीत उसण भरलीय म्हणतो. आता एकटाच फिरतो, मागे दुकानातली हातगाडी घेऊन. निदान डबे रिकामे करता येतात. लोक खूश आहेत. एकजण म्हणाला, तुम्ही गाडीपेक्षा बरे, दारात येता. हे वाक्य पत्रकावर छापायला हवं होतं.

शिवणक्लासवाल्या बाई चौथ्या गल्लीत दिसल्या. गुडघाभर चिखलात. माझ्या हातगाडीकडे पाहून त्यांनी विचारलं, मदत हवी का. मी तोंड फिरवलं.

९ फेब्रुवारी
मतदान झालं. रांगा पाहिल्या. प्रत्येक चेहऱ्यावर माझंच नाव. विजयाचं भाषण तयार आहे, बावीस मिनिटांचं. बाथरूममध्ये दोनदा म्हणून पाहिलं. ही बाहेरून दार वाजवत राहिली.

११ फेब्रुवारी
मतमोजणी.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, तुमची मतं मोजायला फार वेळ लागला नाही. डिपॉझिट गेलं. शिवणक्लासवाल्या बाई निवडून आल्या. अध्यक्षसाहेब फोन उचलत नाहीत.

कारणं : १. उन्हाळा लवकर सुरू झाला. २. मतदानयंत्रावर माझा आवाज नव्हता. ३. मेहुण्याची उसण.

एक मत मात्र हक्काचं आहे. तिसऱ्या मजल्यावरचं. त्या एका मतावर पुन्हा उभं राहता येईल.

१४ फेब्रुवारी
ही म्हणाली, आता वेळच वेळ आहे तर कचरा खाली द्या. गेलो. आयुष्यात पहिल्यांदा रांगेत उभा राहिलो. कुणी ओळखलं नाही. मीही तोंड उघडलं नाही, नाहीतर सगळे डबे माझ्याच हातात आले असते.

गाडी गेली आणि आजी जिन्यातून बाहेर आल्या. पुन्हा उशीर. मला पाहून म्हणाल्या, तुमचं ते परत कधी सुरू होणार. छाती भरून आली. विचारलं, कुठला विषय आवडायचा, चलनसाठा की सीमाप्रश्न? त्यांनी कानाला हात लावला. मी मोठ्याने विचारलं. तेव्हा म्हणाल्या, विषय कुठला, मला कुठे ऐकू येतंय. तुमचं चालू असलं की गाडी हलायची नाही. तेवढ्यात माझे तीन जिने उतरून व्हायचे. आता गाडी थांबतच नाही, कचरा चार दिवस घरात पडून आहे.

मग ओरडूनच विचारलं, मत तरी दिलंत ना. म्हणाल्या, केंद्र वरच्या मजल्यावर होतं, कोण चढणार.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू. हरल्याचं वाटलं नव्हतं तेवढं वाटलं.

१६ फेब्रुवारी
चौथ्या गल्लीतलं गटार वाहतं झालं म्हणे. माझ्या पाठपुराव्याचं फळ, पण आता कोण म्हणणार.

सकाळी घंटागाडी आली तसा ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि परकीय चलनसाठ्याबद्दल बोलायला लागलो. त्याने इंजिन बंद केलं नाही. घड्याळ बघत होता. मी खिडकीच्या काचेवर हात ठेवला, म्हणजे काच वर करता येईना. डोळ्याच्या कोपऱ्यातून जिना दिसत होता. आजी दुसऱ्या मजल्यावर होत्या तेव्हा माझे मुद्दे संपले. मग महागाई घेतली. पहिल्या मजल्यावर त्या दम खायला थांबल्या, तर अवकाश मोहीम घेतली. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, आता तुम्ही नगरसेवक नाही. मी म्हटलं, म्हणूनच मोकळेपणाने बोलतोय.

आजी पोचल्या. डबा गाडीत रिकामा केला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि परत वर जायला लागल्या.

ही गॅलरीतून सगळं बघत होती. मी वर आल्यावर म्हणाली, एवढं बोलण्यापेक्षा वर जाऊन त्यांचा डबा का आणत नाही? हिला जनसंपर्क म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

उद्या सीमाप्रश्न घेतो. तो लांबतो.