भोकरदनच्या पोरीला बक्षीस

आण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यामुळं माझ्या घरात भांडण लागलंय. तुमची नात भोकरदनच्या कॉलेजात गेली. का, तर तिथली कबड्डीची टीम चांगली. आम्ही राहतो जालन्यात, माझं जुनं कॉलेज घरापासून चालत जाण्यासारखं, आणि बाईसाहेब म्हणतात, "आई, आजोबांचं कॉलेज हाय ना ते?" तुम्हाला तिनं पाह्यलेलं सुद्धा न्हाई, तरी पोरगी तुमच्याच पार्टीत.

मला शिकायला जालन्याला मामांकडं ठेवलं ते तुम्हीच. मी जालन्याकडून खेळायची, मंग एकदा तरी आमच्या बाजूनं बसायचं का न्हाई? तुमच्या तोंडी "आमचं कॉलेज" म्हणजे भोकरदनच, कारण तुम्ही तिथं खेळलेले. आई म्हणायची, "पोरगी तिकडून खेळती, जरा तिचं बी ऐका." तुम्ही निवांत भाकरी मोडत राहायचे.

आणि ती मॅच. भोकरदनलाच, त्यांच्या मैदानावर. आम्ही एका गुणानं मागं, शेवटची चढाई माझ्यावर आलेली. मी आत जाते, एकीला हात लावते, वळते, आणि कोपऱ्यातली पोरगी खाली बसून माझा पाय धरते. मी तोंडावर पडते. मॅच गेली. माती थुंकत उठते तर भोंग्यावर पुकारा चालू, ह्या पकडीबद्दल ह्या पोरीला बक्षीस. देणाऱ्याचं नाव, गावासकट. तुमचं नाव. चांगल्या खेळाला बघणाऱ्यांनी बक्षीस द्यायचं, ही आपल्याकडची रीत मला मान्य आहे. पण पोटच्या पोरीला पाडणारीला? आमची अख्खी टीम माझ्याकडं बघत राह्यली.

स्टँडवर गाडीची वाट बघताना मी कोपराची माती झाडत होते, तुम्ही मात्र खुशीत. "पकड पाह्यली का? बिलकुल हलू दिलं न्हाई पोरीनं."

"ती तुमची, मंग मी कोणाची?"

"तू घरची. घरच्याला कोणी चारचौघांत बक्षीस देतं का?"

ह्या उत्तरानं माझं डोकं आजही फिरतं. घरच्याचं कौतुक बाहेर करायचं न्हाई, हे कोणी ठरवलं? भोंग्यावर एकदा माझं नाव आलं असतं तर तुमचं काय जात होतं? मला वाईट वाटलं होतं आण्णा, फार वाईट वाटलं होतं. तुम्हाला ते कळलं सुद्धा न्हाई, गाडीत तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपून गेल्ते.

आता परवा पोरीची पहिलीच मॅच, ती पण माझ्या कॉलेजाशी. "आई, येशील ना? माझ्या नावानं ओरडायचं बरं का," म्हणली. मी "बघू" म्हणलं. तिचा चेहरा उतरला, तिच्या बापानं मला झापलं, आणि तेव्हापासून घरात कोणी माझ्याशी धड बोलंना. आता ह्यांना काय काय सांगत बसू मी?

हे पत्र काही कुठल्या पेटीत पडणार न्हाई, म्हणून सांगते. सकाळी घरात कोणी नव्हतं. भाकरी थापता थापता मी पोरीचं नाव घेऊन मोठ्यानं ओरडून पाह्यलं, पाठोपाठ तुमच्या कॉलेजचं. आवाज निघाला, आण्णा. मंग रडू मात्र थांबंना.