पाच दिवसांचं पाणी

४ फेब्रुवारी

बूट पुन्हा बाहेरच्या नळावर धुतलेत! कॉलेजातून येणारी मुलगी बूट कशाला धुते?

"लॅबमध्ये सांडलं काहीतरी," म्हणाली. लॅबमधलं सांडलेलं मला माहीत आहे. त्याने ओढणीला भोकं पडतात, असा वास येत नाही. हा वास मी एकवीस वर्षं धुतलाय. ह्यांच्या शर्टांचा, ह्यांच्या मोज्यांचा. सांडपाण्याच्या प्लांटचा. हे गेल्यापासून, तीन वर्षांत, तो घरात आला नव्हता. बूट नाकाशी धरून उभी राहिले — वेड्यासारखी. मग राग आला.

५ फेब्रुवारी

विचारलं नाही. बघू किती दिवस लपवते.

९ फेब्रुवारी

संध्याकाळी उजळणी. पर्यावरण अभियांत्रिकीचं हे शेवटचं वर्ष. चारही वर्षं आमचा एकच नेम — पुस्तक माझ्या हातात, उत्तर तिच्या तोंडात. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी रद्दीतून, वाचनालयातून आणि आता हिच्या पुस्तकांतून. पहिल्या वर्षी एक ओळ कळत नव्हती. आता ती अडखळली तर पुढचं मीच सांगते, आणि ती चिडते.

आज बीओडीची चाचणी होती. माझी सगळ्यात आवडती! पाण्यात घाण किती, ते शोधायचं. बाटली काठोकाठ भरायची, झाकण घट्ट, अंधारात, ठरलेल्या उबेत ठेवायची. आतल्या जंतूंनी किती प्राणवायू खाल्ला ते पाचव्या दिवशी कळतं. आकडा तिसाच्या आत आला तर पाणी ओढ्यात सोडण्याजोगं. पाच दिवस म्हणजे पाच दिवस. मंत्री आला तरी घाई चालत नाही.

नंतर म्हटलं, "आण ती प्रोजेक्टची फाइल, तीही विचारते." तर फाइल टेबलावरून उचलून मांडीवर घेतली. "त्याची उजळणी नको, आई."

चार वर्षांत पहिल्यांदा "नको".

१३ फेब्रुवारी

नणंद आल्या होत्या. बुटांचं सांगितलं. "वहिनी, कोणीतरी असणार. त्याच्याबरोबर फिरत असेल."

"अहो, चार वर्षं गटारांचा अभ्यास करतेय. भाळणार कोण?"

"गटारवालाच कोणीतरी," म्हणाल्या. "माझा भाऊ नव्हता का, तुम्ही भाळलातच की!" दोघी हसलो. 

त्या गेल्यावर हिच्या बॅगेचे बाहेरचे खण बघितले. तिकिटं, पेन, केसांचे चाप. लाज वाटली. तरी बघितले.

१७ फेब्रुवारी

आज गेलेच. प्लांटच्या फाटकापर्यंत. ह्यांच्या मागे तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

वॉचमन तोच. "वहिनी! तुम्ही? ताई आत आहेत, साहेबांकडे. महिना झाला, येतात की. साहेबांच्याच टेबलावर बसतात — म्हणजे आपल्या जुन्या साहेबांच्या, तुमच्या मिस्टरांच्या."

"माहीत आहे मला," म्हटलं आणि मागे फिरले. काही माहीत नव्हतं!

प्लांटचा साहेब. हा माणूस मला कधी आवडला नाही. हे छातीत कळ येऊन गेले त्या आठवड्यात भेटायला आला. दहा मिनिटं बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि तीनदा विचारलं — ह्यांच्या ऑफिसातल्या कपाटाची किल्ली घरी आहे का? कशाला हवी होती? आणि आता मुलीला जवळ बसवतो. काय गोड बोलत असेल, काय लिहून घेत असेल?

१८ फेब्रुवारी

तिने विचारलं, "आई, जेवली नाहीस?" म्हटलं, "पोट भरलंय."

२२ फेब्रुवारी

ती अंघोळीला गेली. फाइल उघडली.

विषय — प्लांटमधून बाहेर पडलेल्या पाण्याची दहा वर्षं. सुबक तक्ते, टाइप केलेले. नमुना घेतल्याची तारीख, निकालाची तारीख, बीओडी. वाचत गेले. मधली तीन वर्षं आली आणि बोट थांबलं. नमुना सात तारखेचा. निकाल सात तारखेचा. नमुना आठचा, निकाल आठचा!

पाच दिवसांचं पाणी एका दिवसात कसं बोललं?

आणि आकडा रोज तिसाच्या आत. पावसात, उन्हात, पंप बंद पडलेले असतानाही.

तर हे चाललंय. साहेबाचा जुना चिखल माझी मुलगी पुसतेय.

२३ फेब्रुवारी

विचारलं. उभ्या उभ्या.

"खोटे आकडे लिहितेस?"

"फाइल उघडलीस तू!"

"उघडली. पाच दिवसांची चाचणी एका दिवसात करणारी तूच काय ती हुशार?"

आधी चिडली. मग सिंकपाशी गेली आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली. "माझे नाहीत ते, आई. जुन्या रजिस्टरमधून जसेच्या तसे उतरवलेत."

"कोणाचं रजिस्टर?"

कप धुऊन झाला, पुसून झाला. "खाली बाबांची सही आहे. म्हणून तुला दाखवत नव्हते. ती तीन वर्षं गाळणार होते. बाई म्हणतात, गाळलीस तर प्रोजेक्ट लंगडा."

बाई म्हणजे तिच्या गाइड.

ह्यांची सही! जो माणूस दुधात पाणी आहे की नाही तेही दोनदा बघायचा, त्याची!

२४ फेब्रुवारी

झोप नाही. सकाळी तिला विचारलं, "अक्षर? नुसती सही नको सांगू. आकडे कोणाच्या हातचे?"

विचार करून म्हणाली, "खरं सांगू? बाबांचं वाटत नाही. बाबांचे आकडे तिरके असायचे. हे गोल आहेत, एकसारखे. छापल्यासारखे."

बस! कपाटाच्या किल्लीचा अर्थ आज लागला. माणूस गेला, कपाट उघडलं, पानं बदलली, सही गिरवली. मेलेला उठून भांडायला येत नाही.

"खात्री नाही आई मला."

"तुला नसेल. मला आहे."

१ मार्च

पाच दिवस तिच्या मागे लागले होते. शेवटी आज तिने बाईंकडे लेखी दिलं — प्लांटच्या नोंदी बनावट आहेत, माझ्या वडिलांच्या नावावर दुसऱ्याने लिहिल्या आहेत. बाईंनी चष्मा काढून ठेवला म्हणे. "आरोप मोठा आहे. खरा ठरला तर तुझ्या बाबांवरचा डाग गेला. खोटा ठरला तर प्रोजेक्ट रद्द, आणि वर्षही. मागे घ्यायचा तर आत्ता घे."

घेतला नाही. माझी मुलगी!

सोमवारी साहेबाला बोलावलंय. जुनी रजिस्टरं घेऊन.

३ मार्च

आज तो दारात आला. मी साखळी लावूनच बोलले.

"वहिनी, मुलीला समजवा. मी त्या रजिस्टरला हात लावलेला नाही. तेव्हा कपाट उघडायला हवं होतं, कारण आत पंपाची कागदपत्रं होती. शपथ घेतो."

"शपथ सोमवारी घ्या."

तो गेल्यावर साखळी दोनदा तपासली. पण बरं वाटलं! तीन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. ह्यांच्या फोटोवरची धूळ पुसली. म्हटलं, थांबा जरा, तीन दिवस.

हिला सांगितलंय — त्या पानांची झेरॉक्स आण. ह्यांचं अक्षर नाही हे मी लिहून देईन. बायको आहे मी.

५ मार्च, रविवार

उद्या हिच्याबरोबर मीही जाणार आहे. बाईंसमोर बसून आकड्यांचं एक पान लिहून दाखवणार. साहेबाची माफी तिथेच मागणार. वर्ष वाचवा म्हणून विनवणार. हिला अजून सांगितलेलं नाही. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतेय.

हिने झेरॉक्स पुढ्यात ठेवली आणि बघताक्षणी ओळखलं — आकडे माझे आहेत. सगळे.

सुटीच्या दिवशी हे रजिस्टरची मोकळी पानं घरी आणायचे. "कच्चं आहे गं, उतरवू नंतर. तुझं अक्षर सुबक, लिही." आणि पडल्या पडल्या सांगायचे. आठवडाभराचं तोंडपाठ! मी शेजारीपाजारी सांगत फिरायचे, काय स्मरणशक्ती आहे. कधी अडले तर म्हणायचे, "तिसाच्या आतला एखादा आकडा तूच सांग बघू." मी एकोणीस म्हणायची. लग्नात माझं तेवढं वय होतं. हे हसायचे, म्हणायचे, लिही.

मला वाटायचं, लाडात विचारतात.