बाळंतिणीची शेगडी

३ मे, धाड

लाइट गेली, कूलर बंद, की माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकानही बंद! शर्ट भिजवून घालतो, वाळला की पुन्हा भिजवतो. जन्मापासून घाम येत नाही मला. उन्हात थोडा वेळ राहिलो की अंग पेटतं, डोकं फिरतं. गिऱ्हाइकांना मजा वाटते — "काऊन बे धम्मा, नळाखाली बसला होता काय?" हसा लेकहो.

सारिकाला मुलगा झाला. मामा झालो! पण हे दुखणं मायकडून आलंय आणि बहिणीच्या मुलातही उतरू शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा घरी सांगितलं तर माय म्हणाली, "घाम नाही येत, हा काय रोग झाला?"

७ मे

सारिका बाळाला घेऊन माहेरी, आमच्याकडे आली. मायनं खोलीत शेगडी पेटवली. खिडकी बंद, बाळाला टोपरं, दुपटं, वर गोधडी. बाहेर डांबर वितळतंय आणि आत ओव्याची धुरी! "वारं लागते लेकराले," म्हणे. मी दारातूनच परत फिरलो.

९ मे

बाळाला ताप. मायच्या मते थंडी बाधली — शेगडीत आणखी निखारे!

आत गेलो. माय आणि सारिका घामानं निथळत होत्या. बाळाच्या मानेखाली हात घातला. कोरडी! सगळं अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं. मला माझंच अंग हाताला लागलं.

शेगडी अंगणात फेकली. गोधडी काढली, बाळ ओल्या फडक्यावर घेतलं. माय किंचाळली, "मारतं काय लेकराले!" मीही तिच्यावर ओरडलो. जन्मात कधी ओरडलो नव्हतो.

१० मे

बाळाला बुलढाण्याला दवाखान्यात आणलं. ताप उतरला. वाचेल म्हणतात. डॉक्टरांनी माझे विरळ केस, टोकदार दात बघितले आणि सारिकाला म्हणाले, बहुतेक मामासारखंच.

सारिका माझ्याकडे बघत राहिली. "दादा, तू जगला न?"

हो म्हणालो. पण भीती वाटते. हिच्या सासरी कोण याला दिवसभर भिजवत बसणार?

माय जिन्यात बसून आहे. पाणीसुद्धा घेत नाही.

१२ मे

माय आज बोलली. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता — मला ठाऊकच नव्हतं! ऐन वैशाखात. तापानं गेला, एवढंच सगळे धरून होते.

"त्याले मीनंच शेकलं रे. रातभर. तू थंडीत झाला, म्हणून राह्यला."